आभाळाला ठिगळ

सेकंड इयरला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचं पहिलं प्रॅक्टिकल. यूटीएमवर माइल्ड स्टीलचा रॉड लावलेला. सुरुवातीला काहीच होत नाही. लोड वाढत जातो, रॉड किंचित लांबतो, आम्ही रीडिंग घेतो आणि जांभया देतो. मग मध्येच एका जागी तो बारीक व्हायला लागतो आणि धाडकन आवाज होऊन दोन तुकडे! आम्ही सगळ्या मुली दचकलो. सर मात्र दर वर्षीसारखे हसले.

योगायोग असा की त्याच रात्री हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये 'इंटरस्टेलर' लावला होता. त्यात एक जण कागदाची घडी घालून त्यातून पेन आरपार घालतो आणि अवकाशात असं भोक पडतं म्हणून सांगतो. सिनेमा संपल्यावर माझ्या रूम पार्टनरने विचारलं, की लोखंड तुटतं, कापड फाटतं, मग हे स्पेसटाइमचं फॅब्रिक म्हणतात ते फाटत नाही का? मला उत्तर येईना. आठवली ती माझी आजी. घरात मोठं संकट आलं की ती म्हणायची, आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे कुठे लावणार? आजीसाठी ती म्हण होती. पण आभाळ खरंच फाटतं का?

सबमिशनच्या आठवड्यात लायब्ररीत जाऊन भलतीच पुस्तकं काढायची सवय मला आहेच. तिथे या प्रश्नाच्या मुळाशी एक माणूस सापडला. कार्ल श्वार्झशिल्ड. ब्लॅक होलच्या धड्यात त्याच्या नावाची त्रिज्या येते, तेवढीच आपली ओळख. जर्मन भाषेत या आडनावाचा अर्थ होतो काळी ढाल. ज्याचं नाव कृष्णविवराला कायमचं चिकटलं त्याचं आडनावच असं असावं, गंमतच आहे! दहावीनंतर मराठीत लिहिलेला हा माझा पहिलाच लेख. कॉन्व्हेंटचं मराठी आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

कार्लचा जन्म ९ ऑक्टोबर १८७३ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात, एका खात्यापित्या ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. सहा भावंडांत हा थोरला. घरात गाणंबजावणं, चित्रकला सगळं होतं, विज्ञान मात्र नव्हतं. कार्लने खाऊचे पैसे साठवून भिंगं विकत आणली आणि दुर्बीण बनवली. वडिलांच्या ओळखीचे एक शिक्षक होते, त्यांची स्वतःची छोटी वेधशाळा होती. त्यांच्या मुलाशी, पाउल एपश्टाईनशी, कार्लची गट्टी जमली आणि गणिताचं वेडही तिथेच लागलं. सोळाव्या वर्षी, म्हणजे आपण अकरावीच्या क्लासच्या रांगेत उभे असतो त्या वयात, या मुलाचे जोडताऱ्यांच्या कक्षांवरचे दोन शोधनिबंध खगोलशास्त्राच्या नामांकित जर्मन पत्रिकेत छापून आले.

पुढे स्ट्रासबुर्ग आणि म्युनिक इथे शिक्षण. १८९६ मध्ये डॉक्टरेट. मग व्हिएन्नाच्या कुफनर वेधशाळेत नोकरी. तिथे त्याने फोटोच्या काचेवरून ताऱ्यांचा तेजस्वीपणा मोजायचं काम हातात घेतलं. आपल्याला वाटतं, उजेड निम्मा केला आणि वेळ दुप्पट दिला की फोटो तेवढाच उमटेल. कार्लने मोजून दाखवलं की तसं होत नाही. मंद उजेडाला हिशोबापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्याने रात्रीचे फोटो काढणाऱ्यांना हा नियम आजही त्याच्याच नावाने माहीत असतो. म्हणजे हा माणूस नुसता कागदावरचा गणिती नव्हता. भिंग घासणारा, प्लेट धुणारा, रीडिंग घेणारा होता. आपल्या भाषेत प्रॅक्टिकलवाला!

आणि याच माणसाने १९०० साली, वयाच्या २६ व्या वर्षी, एक भलताच प्रश्न विचारला. आपण राहतो ते अवकाश सपाट आहे कशावरून? शाळेत शिकवतात की त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. पण हे सपाट कागदावर. चेंडूवर त्रिकोण काढला तर बेरीज जास्त भरते. मग तीन ताऱ्यांमधला अवाढव्य त्रिकोण काढला तर? श्वार्झशिल्डने ताऱ्यांच्या मोजमापांवरून हिशोब मांडला. अवकाश एका प्रकारे वाकलं असेल तर त्याच्या वक्रतेची त्रिज्या निदान ६४ प्रकाशवर्षं असली पाहिजे आणि दुसऱ्या प्रकारे वाकलं असेल तर निदान १६०० प्रकाशवर्षं. त्याहून जास्त बाक असता तर दुर्बिणीत दिसलाच असता. तेव्हा आइनस्टाईन नुकताच पदवी घेऊन झुरिकमध्ये नोकरी शोधत होता. अवकाश वाकतं हा सिद्धांत यायला अजून १५ वर्षं होती. सिद्धांताच्या आधीच हा गडी मोजायला बसला होता!

१९०१ मध्ये २८ व्या वर्षी त्याला ग्योटिंगेनला प्राध्यापकाची जागा आणि तिथल्या वेधशाळेचा कारभार मिळाला. एके काळी महान गणिती गाउस याच वेधशाळेत राहत असे. शेजारीपाजारी हिल्बर्ट, क्लाईन, मिंकोव्स्की. आतापर्यंत मी अरेतुरे करत होते, आता प्राध्यापक झाले म्हटल्यावर अहोजाहो केलं पाहिजे! श्वार्झशिल्ड यांनी इथे सूर्याच्या वातावरणात उष्णता वर कशी येते याचं गणित केलं आणि दोन आरशांच्या दुर्बिणीचं डिझाइन दिलं. १९०९ मध्ये ते पॉट्सडॅमच्या खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक झाले आणि त्याच वर्षी एल्से रोझेनबाख यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तीन मुलं झाली. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं.

ऑगस्ट १९१४. पहिलं महायुद्ध सुरू झालं. श्वार्झशिल्ड चाळिशी ओलांडलेले, मोठ्या संस्थेचे संचालक, तीन लहान मुलांचे बाप. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. तरी ते आपण होऊन सैन्यात गेले. त्या काळी अनेक जर्मन ज्यूंना वाटत होतं की आपणही या देशाचेच आहोत हे दाखवायची वेळ आली आहे. श्वार्झशिल्ड आधी बेल्जियममध्ये हवामान केंद्रावर होते. मग फ्रान्समध्ये तोफखान्यासोबत. गोळा कुठे पडेल, वारा आणि हवेची घनता यांमुळे तो किती ढळेल, हे गणित त्यांच्याकडे. नंतर रशियाच्या बाजूची आघाडी. ताऱ्यांच्या कक्षा मोजणारा हात आता तोफगोळ्यांच्या कक्षा मोजत होता. गणित तेच, प्रोजेक्टाइल मोशन. आपण परीक्षेत पाच मार्कांसाठी सोडवतो ते. पण त्यांच्या उत्तराच्या दुसऱ्या टोकाला माणसं होती. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले.

२५ नोव्हेंबर १९१५ रोजी बर्लिनमध्ये आइनस्टाईन यांनी सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांताची अंतिम समीकरणं मांडली. गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढ नव्हे, तर वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांना पडलेला बाक, असा त्यांचा अर्थ. समीकरणं इतकी अवघड की खुद्द आइनस्टाईन यांनीही बुध ग्रहाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा फरक अंदाजी पद्धतीने काढला होता. नेमकं उत्तर निघेल असं त्यांना वाटतही नव्हतं. आणि आघाडीवरून २२ डिसेंबर या तारखेचं एक पत्र आलं. श्वार्झशिल्ड यांनी एका गोल वस्तूभोवतीच्या अवकाशकाळाचं नेमकं उत्तर काढलं होतं. महिनाभराच्या आत! तोफा चालू असताना! आइनस्टाईन चकित झाले. १३ जानेवारी १९१६ रोजी त्यांनी स्वतः ते उत्तर प्रशियाच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कारण या उत्तरातच एक भगदाड होतं.

आज पुस्तकात हे उत्तर छापतात, त्यात दोन ठिकाणी कॅल्क्युलेटर मॅथ एरर दाखवतो. एक, अगदी मध्यबिंदूला. तिथे शून्याने भागाकार होतो. दुसरं, मध्यापासून एका ठराविक अंतरावर. हीच ती श्वार्झशिल्ड त्रिज्या. सूर्याइतक्या वस्तुमानाला ती सुमारे ३ किलोमीटर येते, पृथ्वीला सुमारे ९ मिलिमीटर. म्हणजे अख्खी पृथ्वी दाबून दाबून गोटीएवढी केली तर! खरा सूर्य सात लाख किलोमीटर त्रिज्येचा आहे, त्यामुळे रोजच्या व्यवहारात काहीच अडत नाही. श्वार्झशिल्ड यांनी स्वतः मोजमाप अशा रीतीने धरलं होतं की सगळी गडबड एकाच बिंदूत जाऊन बसावी. पण त्यांनी विषय तिथे सोडला नाही. बिंदू ही कल्पना झाली, खऱ्या गोळ्याचं काय? म्हणून त्यांनी दुसरा निबंध लिहिला. अजिबात न दाबला जाणाऱ्या द्रवाचा एक गोळा घेतला आणि तो लहान लहान कल्पिला तर आत काय होतं ते काढलं. गोळ्याची त्रिज्या त्या घातक त्रिज्येच्या ९/८ पट झाली की मध्यावरचा दाब अनंत होतो! म्हणजे तिच्या आत जायच्या आधीच हिशोब कोलमडतो. हा निबंध २४ फेब्रुवारी १९१६ रोजी अकादमीत सादर झाला.

अनंत आलं की आपण काय समजायचं? इथे आपला इंजिनीअरिंगचा अभ्यास कामाला येतो. प्लेटला अगदी टोकदार चीर असेल तर चिरेच्या टोकाशी ताण अनंत होतो असं सूत्र सांगतं. खऱ्या स्टीलमध्ये तो अनंत होतो का? नाही. टोकाजवळचं स्टील यील्ड होतं, सूत्र तिथे लागूच होत नाही. सूत्रातलं अनंत म्हणजे निसर्गातलं अनंत नव्हे. दुसरं उदाहरण जगाच्या नकाशाचं. भिंतीवरच्या नकाशात उत्तर ध्रुव हा बिंदू ताणून अख्खी रेघ झालेला असतो. म्हणून ध्रुवावर जमीन फाटलेली आहे का? नाही. दोष ध्रुवाचा नाही, नकाशाचा. म्हणजे अनंत दिसलं की आधी विचारायचं, हे आपल्या ग्राफ पेपरमुळे आहे, सूत्राची हद्द संपल्यामुळे आहे, की खरोखर तिथे काही आहे?

श्वार्झशिल्ड यांना हा प्रश्न पुढे नेता आला नाही. आघाडीवरच त्यांना पेम्फिगस झाला. या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती उलटते आणि स्वतःच्याच कातडीवर हल्ला करते. त्वचेचे थर सुटतात, अंगभर फोड येतात आणि फुटतात. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. त्या अवस्थेतही त्यांनी तिसरा निबंध पूर्ण केला, पुंज सिद्धांतावरचा, विद्युत क्षेत्रात वर्णपटाच्या रेषा कशा फुटतात त्याबद्दल. मार्चमध्ये त्यांना घरी पाठवलं. ११ मे १९१६ रोजी पॉट्सडॅमला ते गेले. वय फक्त ४२. तिसरा निबंध त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. त्यांना ग्योटिंगेनच्या दफनभूमीत पुरलं. थोरला मुलगा मार्टिन तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. ज्या देशासाठी बाप आपण होऊन लढायला गेला, त्याच देशातून नाझींच्या काळात ज्यू म्हणून मार्टिनला बाहेर पडावं लागलं. तो अमेरिकेत गेला आणि प्रिन्स्टनमध्ये ताऱ्यांच्या आयुष्यक्रमाचा मोठा अभ्यासक झाला. कोणाची निष्ठा कोणाला सिद्ध करायची आणि तिचं मोल काय, हा प्रश्न मला त्या समीकरणाहून अवघड वाटतो. असो.

श्वार्झशिल्ड गेले, त्यांचं उत्तर मागे राहिलं. ३ किलोमीटरवरची ती भिंत खरी की खोटी? १९३३ मध्ये बेल्जियमच्या लमेत्र यांनी दाखवलं की दोष मोजपट्टीचा आहे. १९५८ मध्ये फिंकेलश्टाईन आणि १९६० मध्ये क्रुस्कल यांनी नवे नकाशे काढून ते पक्कं केलं. तिथे काहीच फाटत नाही. फक्त तिथून आत गेलेलं परत येत नाही, उजेडसुद्धा! आपल्या आकाशगंगेबाहेरच्या एम ८७ मधलं कृष्णविवर सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं आहे. त्याची सीमा ओलांडताना अंगाला ताणसुद्धा जाणवणार नाही. उलट सूर्याएवढ्या कृष्णविवराच्या सीमेवर माणसाच्या डोक्यावरची आणि पायावरची ओढ यांत इतका फरक असेल की आमच्या यूटीएमवरच्या रॉडसारखी गत होईल. पण लक्षात घ्या, इथे तुटतं ते माणसाचं शरीर. अवकाश नाही.

राहिला मध्यबिंदू. तिथलं अनंत नकाशा बदलून जात नाही. अनेकांना वाटायचं की श्वार्झशिल्ड यांनी गोळा अगदी गोल धरला म्हणून सगळं एका बिंदूत जाऊन आदळतं, खऱ्या वेड्यावाकड्या ताऱ्यात तसं होणार नाही. इथे एक भारतीय माणूस येतो. कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी. १९५५ मध्ये त्यांनी एक समीकरण दिलं. जवळजवळ जाणारे मार्ग गुरुत्वाकर्षणामुळे कसे एकमेकांकडे वळत जातात ते सांगणारं, आणि त्यासाठी काहीही गोल असायची गरज नाही. याच वाटेने १९६५ मध्ये रॉजर पेनरोज यांनी सिद्ध केलं की तारा एका मर्यादेपलीकडे कोसळला की तो वेडावाकडा असला तरी शेवट टळत नाही. पेनरोज यांना २०२० चं नोबेल मिळालं. रायचौधुरी २००५ मध्येच गेले होते.

मग फाटतं का नाही? मला समजलं ते असं. कापड फाटतं तेव्हा दोन कडा होतात आणि मध्ये फट दिसते. सापेक्षतेच्या समीकरणात अशी फट नाही. त्यात आत पडणाऱ्याचा मार्ग, म्हणजे कापडातला धागा, थोड्या वेळात संपतो. पुढे काळच उरत नाही. फाटलेल्यापेक्षा हे विणकाम थांबल्यासारखं आहे. आणि नेमकं तिथेच, चिरेच्या टोकासारखं, सूत्र आपली हद्द सांगतं. पुढे पुंज सिद्धांत आणि गुरुत्वाकर्षण एकत्र शिवलेलं काहीतरी लागेल आणि ते अजून कोणाला नीट शिवता आलेलं नाही. विरोधाभास बघा, श्वार्झशिल्ड यांचे शेवटचे तीन निबंध याच दोन विषयांवर आहेत. दोन गुरुत्वाकर्षणावर, एक पुंजांवर.

आणि हे कापड मलमलीसारखं नाजूक आहे असंही समजू नका. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोने दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली लाट पकडली. सुमारे तीन सूर्यांएवढं वस्तुमान क्षणार्धात ऊर्जा होऊन गेलं होतं. इथवर पोचेपर्यंत त्या लाटेने लायगोच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत किती फरक पडला? प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा! स्ट्रेन १० चा उणे २१ वा घात. आपल्या लॅबच्या एक्स्टेन्सोमीटरने हात जोडावेत! ही बातमी जाहीर झाली ११ फेब्रुवारी २०१६ ला, श्वार्झशिल्ड यांच्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

शेवटी एक गोष्ट, जी मला लेख लिहिताना सापडली. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. तिची पायाभरणी झाली ती तारीख ११ मे २०२३. श्वार्झशिल्ड यांचा स्मृतिदिन. तारीख ठरवणाऱ्यांनी तो विचार केला नसणार, तो राष्ट्रीय तंत्रज्ञान दिवस असतो म्हणून ती निवडली असणार. पण मला मात्र बरं वाटलं.

रूम पार्टनरला मी हे सगळं मेसच्या रांगेत सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मग ठिगळ कोण लावणार? मित्रमैत्रिणींनो, मला माहीत नाही. पण व्हायवाला जेव्हा आपलं उत्तर अनंत येईल आणि आपण खाडाखोड करू, तेव्हा एकदा थांबून बघूया, की चूक आपली आहे, कागदाची आहे, की तिथे खरंच काहीतरी आहे. थंडीत, तोफांच्या आवाजात, आजारी अंगाने एका माणसाने तेवढं बघितलं होतं. आपल्याकडे तर ट्यूबलाइट आहे, लायब्ररी आहे आणि रात्रभर वेळ आहे!